मांडीवरचं मांजर

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे.

खोटं सांगून मला काय मिळणार? या वयात कुणाला घाबरवायची हौस उरलेली नाही. ज्यांना अमावास्या, ओसाड बंगला आणि पांढरी साडी हवी असेल, त्यांनी वाचायचं इथेच थांबवावं. यात रात्र नाहीच. जे घडलं ते लख्ख उन्हात, ग्रँड ट्रंक रोडवर, १९५६ सालच्या फेब्रुवारीत. गाडीत आम्ही तिघं होतो. अप्पा, आई आणि मी.

आणि मांजर.

मी सुचित्रा. जन्म कलकत्त्याचा. तेव्हा मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. अप्पा फोर्ट विल्यममध्ये हिशेबाच्या कचेरीत अधिकारी होते आणि आम्ही डमडमला राहायचो. अप्पांचे थोरले भाऊ रघुनाथकाका भवानीपूरला. ते कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात काका, शारदाकाकू आणि वरच्या खोलीत श्रीकांत नावाचा एक भाडेकरू. तो बँकेत होता, साताऱ्याकडचा, एकटाच.

मांजर कुठून आलं, कुणालाच ठाऊक नाही. करडं, उजवा कान अर्धा तुटलेला. एक दिवस ते जिन्यात बसलेलं दिसलं, एवढंच.

काकूला मांजरं बिलकुल खपायची नाहीत. दुधाला तोंड लावतात म्हणून ती लाटणं घेऊन मागे धावायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून मुद्दाम सांगते.

मग श्रीकांत आजारी पडला. साधाच ताप, पण उतरेना. कोरडा खोकला, श्वास पुरेना. आम्ही त्याला बघायला गेलो तेव्हा मांजर त्याच्या कॉटच्या पायथ्याशी होतं.

झोपलेलं नाही... बसलेलं.

त्याच्याकडे तोंड करून.

"मुक्या जनावराला माया असते हो," काका म्हणाले.

असेल. आठवडाभरात श्रीकांत गेला. धडधाकट माणूस, तिशीसुद्धा उलटली नव्हती. डॉक्टरांनी आजाराला काहीतरी नाव दिलं. ते देतातच.

त्यानंतर आम्ही भवानीपूरला गेलो, तर बघते काय... मांजर काकूच्या मांडीवर!

मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. आम्हाला हसू आवरेना. कांदासुद्धा वेगळ्या विळीवर चिरणारी काकू आता मांजरासाठी मोलकरणीकडून मासे आणवायची आणि स्वतःच्या हातानं काटे काढून भरवायची. भाजी निवडताना मांजर मांडीवर. वाती वळताना मांजर मांडीवर. काका झोपायला गेले की ती त्यांच्या खोलीला बाहेरून कडी घालायची आणि मांजर घेऊन पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसायची. झोप लागली तर तिथेच.

"शारदेला मांजराचं वेड लागलंय," काका सगळ्यांना सांगायचे.

आमची मराठी मंडळी कलकत्त्यात मूठभर. तिथे असली बातमी लपते थोडीच? गणपतीत बायका विचारायच्या, "काय शारदाबाई, लेक काय म्हणते?"

काकू हसायची नाही.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. तिनं मांजराला नाव ठेवलं नव्हतं. मनी नाही, चिंगी नाही, काहीच नाही. इतकं वेड, आणि नाव नाही?

मी तसं विचारलं तर म्हणाली, "कशाला ठेवायचं? हाक मारायची वेळच येत नाही."

मला तो विनोद वाटला.

काकू हळूहळू वाळत गेली. अंगावर मांस राहिलं नाही. काही वर्षं अशीच गेली. मग त्या जानेवारीत एका सकाळी ती खुर्चीतच गेलेली सापडली. मांडी घातलेली होती.

मांजर मात्र मांडीवर नव्हतं.

काकांच्या खोलीच्या दाराची कडी निघालेली होती. ती कुणी काढली, हे कुणी विचारलं नाही. घरात माणूस गेल्यावर कडीचं कोण विचारतो?

दहाव्याला आम्ही गंगेच्या घाटावर गेलो. एरवी आमच्या घरातल्या बायका घाटावर जात नाहीत, पण परमुलखात माणसंच मोजकी, म्हणून आई आणि मीही गेलो. काकांनी पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले.

कलकत्त्याचे कावळे तुम्ही पाहिलेत का? हातातली जिलबी पळवतात. त्या दिवशी कठड्यावर कावळ्यांची ही रांग. पिंडाकडे बघताहेत...

एकही खाली येईना.

काका हात जोडून म्हणाले, "शारदे, मी तब्येतीला जपेन. काळजी करू नकोस."

कावळे हलले नाहीत.

"तुझ्या भाचीच्या लग्नाचं मी बघेन. काशीला जाऊन येईन तुझ्या नावानं."

काही नाही.

अप्पांनी सांगून पाहिलं. भटजींनी सांगून पाहिलं. ऊन चढायला लागलं. शेवटी भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेवढ्यात काकांना खोकल्याची उबळ आली. कोरडा खोकला. ते वाकून खोकत राहिले.

आणि माझी आई पुढे झाली.

आईचं नाव सरला. नावासारखीच सरळ बाई. तिच्या मनात एकच आलं, जाऊबाईंचा जीव कशात अडकला असणार? ज्यात इतकी वर्षं होता त्यातच.

ती हात जोडून म्हणाली, "जाऊबाई, आमची जबलपूरला बदली झालीय. तुमचं मांजर आम्ही घेऊन जातो. मी त्याला सांभाळीन. माझ्याजवळ ठेवीन."

'ठेवीन' म्हणायचा अवकाश...

कावळा झडप घालून पिंडावर आला.

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा, केवढा जीव होता मांजरावर!" भटजी म्हणाले. मीही रडले. चूक झाली ती इथे. कावळा शिवला म्हणजे इच्छा कळली, असं आपण धरून चालतो. आईच्या बोलण्यातल्या नेमक्या कुठल्या शब्दाला तो शिवला, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सामान रेल्वेनं पुढे गेलं. आम्ही अप्पांच्या जुन्या मॉरिसनं निघालो. अप्पांना गाडी चालवायची भारी हौस. डमडमहून सकाळी निघून आधी भवानीपूरला गेलो, मांजर घ्यायला.

काका खाली आले नाहीत.

आई आणि मी वर गेलो. काका कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, पाय पोटाशी घेऊन. इतका ताठ मास्तर माणूस, आणि आम्ही आल्यावरही त्यांनी पाय खाली सोडले नाहीत. चेहरा पार उतरला होता. दाराशी वेताची झाकणाची टोपली तयार होती. काकूच्या नऊवारीच्या काठानं तिला गाठीवर गाठी मारल्या होत्या.

"भावजी, खोकला कधीपासून आहे?" आईनं विचारलं.

"ही गेल्यापासून."

"मांजर कुठे झोपतं हो आता?"

काका टोपलीकडे बघून म्हणाले, "न्या आता. उशीर करू नका. आणि सरला... वाटेत उघडू नका."

आई त्यांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय आणखी आत ओढले.

मला तेव्हाच संशय आला होता. पण कसला, ते सांगता आलं नसतं.

हावडा ब्रिज ओलांडला. अप्पा आणि आई पुढे, मी मागे आणि माझ्या शेजारी टोपली. अप्पा मजेत होते. बाली, चंदननगर, एकेक गाव ओळखून दाखवत होते.

तुम्ही कधी मांजर गाडीतून नेलंय? ओरडून डोकं उठवतं. टोपली ओरबाडतं, घाण करतं. आईनं त्यासाठी जुनी धोतरं घेतली होती.

टोपलीतून काही आवाज नाही.

चंदननगर गेलं, मेमारी गेलं... काही नाही.

"गुदमरलं नसेल ना ग?" आईनं मागे वळून विचारलं.

मी टोपलीला कान लावला. श्वासाचासुद्धा आवाज नव्हता. मी टोपली उचलून पाहिली. जड होती. म्हणजे आत मांजर होतं.

बर्दवानला अप्पांनी एका झाडाखाली गाडी लावली. तिथली प्रसिद्ध मिठाई, मिहीदाणा, घेतल्याशिवाय ते पुढे जाणं शक्यच नव्हतं. आईनं दशम्या काढल्या. पण तिचं लक्ष टोपलीवर. "भावजी काहीही म्हणोत, मुक्या जिवाला पाणी तरी दाखवायला हवं," असं म्हणून तिनं गाठी सोडायला घेतल्या. सुटता सुटेनात. दातांनी सोडल्या.

झाकण उघडलं.

टोपली रिकामी होती.

आई मटकन खालीच बसली. "अहो, मी पिंडापुढे शब्द दिलाय! आता काय करू?" आम्ही झाडामागे बघितलं, गाडीखाली बघितलं. अप्पा पुढच्या सीटवर दार उघडं टाकून खात बसले होते. ते म्हणाले, "निघताना टोपलीत होतं तरी का? दादानं रिकामीच दिली असेल."

"जड होती अप्पा," मी म्हटलं.

आणि अप्पा खोकले.

कोरडा खोकला. एकदाच.

मी गाडीत बघितलं...

मागच्या काचेखाली जी फळी असते तिच्यावर मांजर बसलं होतं. अप्पांकडे तोंड करून. उन्हात त्याचा तुटका कान तांबूस दिसत होता.

आई आनंदली. "अगं बाई, सापडलं!" म्हणून तिनं त्याला टोपलीत घातलं. मी मात्र हातात राहिलेला तो काठ बघत होते. गाठी आईनं माझ्यासमोर सोडल्या होत्या. मग ते आलं कुठून?

बर्दवान सोडल्यावर अप्पांचा खोकला वाढला. गावं ओळखून दाखवणं बंद झालं. ते मधूनच खिडकीची काच खाली करायचे, हवा घ्यायचे, पुन्हा वर करायचे. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी मागे वळून बघितलं की मांजर फळीवर. टोपलीत घातलं की थोड्या वेळानं पुन्हा फळीवर. येताना दिसायचं नाही. आवाजही नाही.

पानागढला आम्ही चहाला थांबलो. अप्पांचे ओठ काळसर पडले होते.

"मला याचे केस सोसत नाहीत बहुतेक," ते म्हणाले. "हे इथेच ठेवू या. या चहावाल्याकडे."

"असं काय बोलता? मी शब्द दिलाय."

"अगं, कावळ्याला काय कळतं जबलपूर काय आणि पानागढ काय?"

"कावळ्याला दिलाय का शब्द? जाऊबाईंना दिलाय!"

अप्पांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं, पण खोकल्यानं देता आलं नाही. खांबाला धरून उभे राहिले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं मुकाट्यानं टोपली उचलली आणि चहावाल्याकडे नेऊन दिली. तो खूश झाला. "दिन ना, दीदी," द्या की ताई, म्हणाला, दुकानात उंदरांचा सुळसुळाट झालाय म्हणून सांगायला लागला. मी स्वतः झाकण उघडून बघितलं. मांजर आत होतं. माझ्याकडे बघत होतं.

आम्ही निघालो. टोपली दुकानाच्या बाकावर होती. ती लहान होत गेली, मग दिसेनाशी झाली. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

आईचं तोंड एवढंसं झालं होतं.

पानागढच्या पुढे तेव्हा सालाचं दाट जंगल होतं. दुपार कलली नव्हती. रस्त्यावर ऊन, दोन्ही बाजूंना झाडं, माणूस कुठे दिसेना.

आणि मला आवाज आला.

चर्र... चर्र... चर्र...

मांजर अंग चाटतं ना, तसा. खरबरीत जिभेचा.

माझ्या डोक्यामागून.

मी वळून बघितलं. फळी रिकामी. मागच्या काचेतून रस्ता दिसत होता.

पुढे बघायला लागले की पुन्हा... चर्र... चर्र...

"सुचित्रा," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "ते परत का घेतलंस?"

"काय अप्पा?"

"मांजर. मला आरशात दिसतंय. तुझ्या डोक्यामागे बसलंय."

मी पुन्हा वळले. काही नव्हतं! फळीवर हात फिरवला. एका जागी लाकूड गरम होतं.

"अप्पा, इथे काही नाहीये..."

"माझ्याकडे बघतंय ते," अप्पा म्हणाले.

मग त्यांचा डावा हात चाकावरून घसरला.

गाडी उजवीकडे ओढली गेली. समोर झाडं आली. "अहो!" आई किंचाळली आणि तिनं चाक धरलं. गाडी कच्च्यात उतरून, एका बुंध्याला घासून थांबली. अप्पांची मान मागे पडली होती. तोंड उघडं होतं. छाती वरखाली होत होती, पण आत हवा जात नव्हती. हे मी पाहिलंय. माणूस श्वास घेतोय आणि श्वास येत नाहीये.

"अप्पा! अप्पा!" मी त्यांना हलवत होते. मदतीला दूरवर कुणी नव्हतं.

मागे चाटणं चालूच होतं.

चर्र... चर्र...

आई रडत नव्हती. ती अप्पांच्या पायांकडे बघत होती. काय आठवत होतं तिला कोण जाणे. मग ती सीटवर चढून बसली. पदर सारखा केला. मांडी घातली. मागच्या रिकाम्या फळीकडे बघून ती बोलली, आणि अशा आवाजात बोलली की तो मी जन्मात विसरणार नाही. लहान मुलाला बोलावतात तसा.

"ये. इकडे ये. त्यांच्याकडे नको बघूस. माझ्या मांडीवर ये. मी आहे ना. मी कुठ्ठे जात नाही."

चाटणं थांबलं.



मग माझ्या खांद्याला घासून काहीतरी मऊ, ऊबदार पुढे गेलं. मला दिसलं काहीच नाही. आईच्या मांडीवरची साडी खाली दबली. आधी थोडी, मग पुरी.

आईनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा मांजर तिच्या मांडीवर होतं. उन्हात. करडं, कान तुटलेलं. पाय दुमडून निवांत बसलेलं.

आणि अप्पांनी घशातून आवाज काढत एक मोठा श्वास घेतला.

थोड्या वेळानं ते उठून बसले. "चक्कर आली वाटतं," म्हणाले. खोकला गेला होता. ओठांवर रंग आला होता. आईच्या मांडीकडे बघून ते काही बोलणार होते, पण आईनं मान हलवली.

अप्पा खाली उतरून गाडीला काय लागलंय ते बघत होते, तेव्हा आई मला हळूच म्हणाली, "श्रीकांत गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भवानीपूरला होते. हे भावजींच्या पायथ्याशी येऊन बसलं होतं. जाऊबाई पोळ्या करत होत्या. हात तसेच पिठाचे, धावत गेल्या आणि त्यांनी याला उचलून मांडीवर घेतलं. मी तेव्हा हसले होते ग."

मी गाडीचं दार उघडलं.

"सोडून देऊ आई. इथेच जंगलात सोडू."

"आत्ताच सोडून पाहिलं ना?"

जबलपूर येईपर्यंत आईनं मांडी मोडली नाही. मुक्कामाच्या डाकबंगल्यांत ती खुर्चीत बसून राहिली.

नंतरचं थोडक्यात सांगते. रघुनाथकाकांचा खोकला आम्ही कलकत्ता सोडलं त्याच दिवशी थांबला. ते नव्वदीपर्यंत जगले, मैदानावर काठी फिरवत चालायला जायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं, असा माझा संशय आहे. घाटावर ते खोकले तेसुद्धा खरं होतं की आईच्या तोंडून वदवून घेण्यासाठी, असाही एक वाईट संशय आहे. मी त्यांच्याशी पुन्हा कधी धड बोलले नाही.

जबलपूरच्या लोकांनी आईला हसून घेतलं. "सरलाबाईंना मांजराचं वेड आहे." आई मासे भरवायची, काटे काढून. अप्पांच्या खोलीला बाहेरून कडी घालायची. आणि वाळत गेली. माझं लग्न झालं, चारुदत्तांच्या घरी मी परत कलकत्त्याला आले, डमडमलाच. माहेरी गेले की आईच्या कुशीत शिरता यायचं नाही. तिथे जागा नसायची. याचा मला फार राग यायचा, आणि त्याहून जास्त रडू यायचं.

आई गेली तेव्हा आम्ही नर्मदेवर ग्वारीघाटाला उभे होतो. पिंड ठेवला होता. कावळे झाडावर बसून होते.

अप्पांनी सगळं कबूल केलं. रडत रडत कबूल केलं. कावळा येईना. सगळे माझ्याकडे बघायला लागले, लेकीनं काहीतरी बोलावं म्हणून.

काय बोललं की कावळा येईल, ते मला ठाऊक होतं. म्हणून मी तोंड उघडत नव्हते. मला संसार होता, लहान मुलगा होता. ऊन चढलं तरी मी गप्प उभी होते.

आणि अप्पा खोकले.

कोरडा खोकला.

मी म्हटलं, "आई, मी नेते त्याला."

कावळा आला.

जबलपूर ते कलकत्ता, तोच रस्ता, पुन्हा गाडीनं. या खेपेला मांडी माझी होती. पानागढजवळ सालाची झाडं बरीच कमी झालेली दिसली.

याला आता किती वर्षं झाली त्याचा हिशेब मी करत नाही. मांजरं किती जगतात, मला माहीत आहे. पशुवैद्याकडे मी त्याला नेत नाही, कारण तो वय विचारेल. नाव मीही ठेवलेलं नाही. हे लिहितानासुद्धा ते मांडीवर आहे. जड आहे. दर वर्षी थोडं जास्त जड वाटतं, की मीच हलकी होत चाललेय?

ते काय आहे, ते मला कळलेलं नाही. त्याला काय हवंय, तेही नाही.

पण मी ठरवलं होतं, हे माझ्याशी संपवायचं. माझी नात लीना याच शहरात असते. मराठी बोलते, तोडकंमोडकं. वाचता येत नाही. गेल्या रविवारी ती आली होती. मी तिला समोर बसवलं आणि बजावलं, "माझ्या दहाव्याला कावळा नाही शिवला तरी चालेल. दर्भाचा करा. कुणीही काहीही कबूल करायचं नाही. ऐकलंस ना?"

लीनाला यातलं किती कळलं देव जाणे. तिला वाटलं, आजीला मांजराची काळजी लागून राहिलीय. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या गळ्यात हात टाकले. डोळे भरून आले होते पोरीचे.

"आजी, तू असा बोलू नको ना. तू टेन्शन नाही घ्यायचा. मी नेणार तिला. माझी गाडी आहे ना. माझ्याजवळ ठेवणार. प्रॉमिस."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं.

मांडीवर हालचाल झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मांजरानं मान वळवली.

आणि ते लीनाकडे बघत बसलं.

ती हसली. "बघ आजी, तिला समजला," म्हणाली. जिना उतरून गेली. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

आज सकाळी तिचा फोन आला होता. मजेत आहे, ऑफिसला निघालीय. मी विचारलं, "लीना, खोकला वगैरे नाही ना ग?"

"नाही ग आजी," ती म्हणाली. "का?"

मी फोन ठेवला. मांजराला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले आहे.